प्रवास विमा, परदेशी

परदेशी प्रवासात अकस्मात उद्‌भवणारा आजार, अपघात अथवा मृत्यू यांमुळे येणारा खर्च ठराविक विमाहप्त्याच्या मोबदल्यात भरून देणारा अल्प मुदतीचा विमाकरार. सामानाची हानी, पारपत्र हरवणे, प्रवास रद्द होणे वा लांबणे, त्रयस्थाला पोहोचलेल्या इजेबद्दल द्यावी लागणारी भरपाई इ. जोखमींचाही त्यात समावेश असतो. तथापि वैद्यकीय खर्चाची हमी हाच या विम्याचा गाभा होय. सामान हरवल्याने प्रवाशाची गैरसोय होते, तर परक्या देशातील एका शस्त्रक्रियेच्या देयकाने एखाद्या कुटुंबाची आयुष्यभराची बचत नाहीशी होऊ शकते. या विम्याचे मूल्य केवळ त्याच्या रकमेवर ठरत नाही. प्रवाशाने आपल्या प्रकृतीविषयी दिलेली माहिती आणि विमापत्रातील अटी यांवरही ते तितकेच अवलंबून असते.

आवश्यकता : स्वदेशात आजारी पडणाऱ्या व्यक्तीला अनेक आधार सहज उपलब्ध असतात. शासकीय वा धर्मादाय रुग्णालय, प्रकृतीचा पूर्वेतिहास ठाऊक असलेला डॉक्टर, धावून येणारे आप्तेष्ट, वेळेला उसना मिळणारा पैसा आणि आपली भाषा हे ते आधार होत. देशाची सीमा ओलांडताच ते बव्हंशी मागे राहतात. भारतात घेतलेली आरोग्य विम्याची बहुतेक विमापत्रे भारतातील उपचारांपुरतीच लागू असतात, तर परदेशातील सार्वजनिक आरोग्यसेवा प्रायः तेथील रहिवाशांसाठी असतात.

‘मोफत’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या आरोग्यसेवाही याला अपवाद नाहीत. ब्रिटनमध्ये १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्य सेवा कार्यान्वित आहे. इंग्लंडमधील रुग्णालयांच्या अपघात व तातडीच्या विभागात परदेशी पाहुण्यालाही विनामूल्य उपचार मिळतात. परंतु रुग्णालयात दाखल करून घेतल्यानंतरच्या उपचारांचे मूल्य त्याच्याकडून घेतले जाते आणि सामान्यतः ते राष्ट्रीय दराच्या १५०% या प्रमाणात आकारले जाते. ऑस्ट्रेलियाने ११ देशांशी परस्पर आरोग्यसेवेचे करार केले आहेत. त्या देशांत भारताचा समावेश नाही. त्यामुळे भारतीय पर्यटकाला त्या सवलतीचा लाभ मिळत नाही.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वैद्यकीय खर्च विशेष मोठा असतो. तेथील संघराज्य शासनाच्या आरोग्यविमा-विषयक माहितीनुसार तीन दिवसांच्या रुग्णालय-वास्तव्याचा सरासरी खर्च सु. ३०,००० डॉलर असून पायाचे मोडलेले हाड सांधण्यास ७,५०० डॉलरपर्यंत खर्च येऊ शकतो. १९८६ च्या कायद्यान्वये वृद्धांसाठीच्या शासकीय विमायोजनेत सहभागी असलेल्या रुग्णालयांनी तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णाला, त्याची पैसे देण्याची ऐपत न पाहता, तपासणे व त्याची प्रकृती स्थिर करणे बंधनकारक आहे. या तरतुदीमुळे रुग्ण दारातून परत पाठविला जात नाही. मात्र देयक माफ होत नाही. ते नंतर येते आणि बहुधा एकच नसते. रुग्णालय, शल्यविशारद, भूलतज्ञ, क्ष-किरण वा प्रयोगशाळा तपासणी करणारे तज्ञ व रुग्णवाहिका यांची देयके स्वतंत्रपणे येऊ शकतात.

या परिस्थितीचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलामुलींकडे बाळंतपणाच्या निमित्ताने अथवा नातवंडांना सांभाळण्यासाठी मराठी कुटुंबांतील आईवडील काही महिने जाऊन राहतात. पाहुणा म्हणून गेलेल्या या व्यक्तींना तेथील वृद्धांसाठीच्या शासकीय विमायोजनेचा लाभ मिळत नाही. मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार यांची शक्यता ज्या वयात वाढते, त्याच वयात हा प्रवास घडतो. प्रवासात होणाऱ्या मृत्यूंमध्ये वयस्कांच्या बाबतीत हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार, तर तरुणांच्या बाबतीत अपघात ही प्रमुख कारणे आढळतात.

इतिहास : आधुनिक प्रवास विम्याचा उगम रेल्वेच्या प्रसारात आहे. लंडनमध्ये १८४९ साली स्थापन झालेल्या रेल्वे पॅसेंजर्स अ‍ॅश्युरन्स कंपनीने प्रवाशांना अपघाताचा विमा रेल्वेच्या तिकिटाबरोबर विकण्यास सुरुवात केली. दगडाचे व्यापारी जेम्स बॅटरसन यांना इंग्लंडच्या प्रवासात या पद्धतीचा परिचय झाला. त्यांच्या पुढाकाराने हार्टफर्ड (कनेक्टिकट) येथे ट्रॅव्हलर्स ही कंपनी निघाली आणि १८६४ मध्ये तिने अपघात विम्याच्या व्यवसायास प्रारंभ केला. या सुरुवातीच्या विम्यांत अपघाती मृत्यू वा इजा यांबद्दल ठराविक रक्कम देण्यावर भर होता. परगावी आजारी पडलेल्या प्रवाशाच्या उपचारांची व्यवस्था करणे ही कल्पना त्यांत नव्हती. ती पुढे मोटार व विमान यांनी होणाऱ्या पर्यटनाबरोबर रूढ झाली. फ्रान्समध्ये १९६३ साली स्थापन झालेल्या युरोप असिस्टन्स या संस्थेने, पैसे देण्याबरोबरच प्रत्यक्ष मदत पोहोचविण्याची, ‘साहाय्य’ सेवा सुरू केली. आजच्या परदेशी प्रवास विम्यात भरपाई व साहाय्य या दोन्ही धारा एकत्र आलेल्या आहेत.

भारतात सर्वसाधारण विमाव्यवसायाचे १९७२ च्या अधिनियमान्वये राष्ट्रीयीकरण झाले व भारतीय साधारण विमा निगमाच्या चार दुय्यम कंपन्यांकडे तो सोपविण्यात आला. त्यांपैकी न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स ही १९१९ मध्ये सर दोराबजी टाटा यांनी स्थापिलेली कंपनी असून तिचे मुख्यालय मुंबईत आहे. परदेशात जाणाऱ्या भारतीय रहिवाशांसाठी ‘ओव्हरसीज मेडिक्लेम’ ही योजना १९८४ मध्ये सुरू झाली. म्हणजे देशांतर्गत ‘मेडिक्लेम’ विम्याच्याही (१९८६) आधी. तिची निकड त्या काळच्या परकीय चलनाच्या नियमनावरून लक्षात येते. १९७३ च्या परकीय चलन नियमन अधिनियमाखाली प्रवाशाला मर्यादित चलनच बाळगता येई. म्हणून परदेशात आजारी पडलेल्या माणसाच्या घरी पैसा असला, तरी तो डॉलरच्या रूपाने तातडीने त्याच्यापर्यंत पोहोचविणे कठीण होते. विमाहप्ता रुपयांत भरून उपचारांचे देयक परकीय चलनात भागविले जाण्याची सोय या योजनेने झाली. पुढे १९९९ च्या अधिनियमान्वये विमा नियामक व विकास प्राधिकरण स्थापन झाले, २००० पासून खाजगी कंपन्यांना या क्षेत्रात प्रवेश मिळाला आणि विमापत्रांचे अनेक प्रकार प्रचलित झाले.

विमापत्राचे स्वरूप : विमाहप्ता प्रामुख्याने प्रवाशाचे वय, प्रवासाचे दिवस, विम्याची रक्कम व भौगोलिक क्षेत्र यांवर ठरतो. अमेरिका व कॅनडा यांसह संपूर्ण जग आणि हे दोन देश वगळून उर्वरित जग, अशी क्षेत्रविभागणी भारतीय विमापत्रांत रूढ आहे. वैद्यकीय खर्चाची रक्कम सामान्यतः अमेरिकी डॉलरमध्ये वा यूरोमध्ये नमूद केलेली असते. एका प्रवासापुरते, वर्षभरातील अनेक प्रवासांसाठी, तसेच विद्यार्थ्यांसाठी दीर्घ मुदतीचे, असे विमापत्रांचे प्रकार आहेत. प्रत्येक आजारामागे काही ठराविक रक्कम, उदा., १०० डॉलर, विमेदाराने स्वतः सोसावयाची असते व त्यावरील खर्च विमा कंपनी देते.

विमापत्रावरील एकूण रकमेपेक्षा ती कोणत्या रीतीने मिळते, हे अधिक महत्त्वाचे असते. काही विमापत्रांत एकूण मर्यादेपर्यंत प्रत्यक्ष झालेला वाजवी खर्च दिला जातो. इतर काहींत, विशेषतः वयस्कांसाठीच्या विमापत्रांत, खोलीभाडे, अतिदक्षता विभाग, शल्यविशारदाचे शुल्क, रुग्णवाहिका अशा प्रत्येक बाबीची वेगळी मर्यादा असते. समजा, एकूण विमा ५०,००० डॉलरांचा आहे, पण शल्यविशारदाच्या शुल्काची मर्यादा ५,००० डॉलर आहे. त्याचे देयक १५,००० डॉलरांचे आल्यास उरलेले १०,००० डॉलर रुग्णालाच द्यावे लागतात. एकूण रकमेचा बराचसा भाग शिल्लक असूनही तो त्याच्या उपयोगी पडत नाही.

साहाय्य सेवा व रुग्णाचे स्थलांतर : विमापत्रावर अहोरात्र उपलब्ध असणाऱ्या साहाय्य संस्थेचा दूरध्वनी क्रमांक दिलेला असतो. योग्य रुग्णालय सुचविणे, रुग्णालयाला पैशांची हमी देणे, दुभाष्याची सोय करणे, उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी संपर्क ठेवणे व घरच्यांना माहिती देणे ही तिची कामे होत. शक्य तितक्या लवकर या संस्थेस कळविणे ही बहुतेक विमापत्रांतील अट असते. हमी वेळीच मिळाल्यास रुग्णालय परस्पर विमा कंपनीकडून पैसे घेते. अन्यथा रुग्णाला ते प्रथम स्वतः भरून नंतर भरपाई मागावी लागते.

जेथे पुरेसे उपचार उपलब्ध नसतात, अशा बेटावर, डोंगराळ मुलखात वा जहाजावर आजार उद्‌भवल्यास रुग्णाला दुसऱ्या शहरी किंवा मायदेशी हलवावे लागते. हे काम वैद्यकीय दृष्ट्या नाजूक असते. प्रवासी विमानाच्या कक्षातील हवेचा दाब उड्डाणात सु. २,४०० मी. (८,००० फुट) उंचीवरील दाबाइतका कमी होऊ शकतो. त्यामुळे रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण घटते व शरीरातील पोकळ्यांत अडकलेली हवा सु. ३०% प्रसरण पावते. नुकतीच पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या, छातीच्या पोकळीत हवा साठलेल्या किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णास ही स्थिती धोकादायक ठरते. म्हणून केव्हा हलवावयाचे, नेहमीच्या विमानातून परिचारकासह न्यावयाचे, अनेक आसनांच्या जागी शिबिका बसवून न्यावयाचे, की हवाई रुग्णवाहिकेतून न्यावयाचे, याचा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा लागतो. दूर पल्ल्याच्या हवाई रुग्णवाहिकेचा खर्च एक लाख डॉलरांहूनही अधिक होऊ शकतो. सामान्य कुटुंबाला एवढी रक्कम काही तासांत उभी करणे जवळजवळ अशक्य असते.

परदेशात मृत्यू ओढवल्यास मृत्यूचा दाखला, स्थानिक अधिकाऱ्यांची परवानगी, शवलेपन, विशिष्ट पद्धतीची शवपेटी, भारतीय वकिलातीचे ना-हरकत प्रमाणपत्र व विमानवाहतूक यांची पूर्तता करावी लागते. मृतदेह मायदेशी आणण्याचा अथवा तेथेच अंत्यविधी करण्याचा खर्च बहुतेक विमापत्रांत ठराविक मर्यादेपर्यंत अंतर्भूत असतो. विमा नसलेल्या व अडचणीत सापडलेल्या भारतीयांसाठी केंद्र शासनाने २००९ मध्ये भारतीय समुदाय कल्याण निधी स्थापन केला. त्यातून वकिलाती तातडीचे उपचार व मृतदेहाची वाहतूक यांसाठी साहाय्य करतात. परंतु ते गरज व आर्थिक स्थिती पाहून दिले जाते. तो विम्याला पर्याय नव्हे.

पूर्वीचे आजार व सत्यकथन : विमाकरार परम विश्वासावर आधारलेला असतो (⟶ विमा). या तत्त्वाचे प्रसिद्ध विवेचन लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी १७६६ मध्ये, सुमात्रातील मार्लबरो किल्ल्याच्या विम्यासंबंधीच्या खटल्यात केले. जोखमीचा अंदाज ज्यावर अवलंबून असतो, ती वस्तुस्थिती विमा घेणाऱ्याने लपवू नये. मात्र हे बंधन दोन्ही पक्षांवर असते, असे त्यांनी प्रतिपादन केले. त्या खटल्यात निकाल विमेदाराच्या बाजूने लागला.

परदेशी प्रवास विम्यातील वादांचे हेच प्रमुख क्षेत्र आहे. विमा घेण्यापूर्वीपासून असलेला आजार व त्यातून उद्‌भवणारी गुंतागुंत पुष्कळ विमापत्रांतून वगळलेली असते किंवा जीव वाचविण्यापुरत्या उपचारांचाच खर्च दिला जातो. प्रस्तावपत्रात मधुमेह, रक्तदाब, झालेल्या शस्त्रक्रिया व नियमित घेतली जाणारी औषधे यांबद्दल प्रश्न असतात. विमाहप्ता वाढेल या भीतीने अथवा मध्यस्थावर विसंबून ते रिकामे ठेवले जातात वा ‘नाही’ असे उत्तर दिले जाते. मात्र रुग्णालयात डॉक्टरांना खरा पूर्वेतिहास सांगावाच लागतो. तो तेथील कागदपत्रांत नोंदला जातो आणि दाव्याच्या वेळी प्रस्तावपत्राशी ताडून पाहिला जातो. अशा वेळी काही डॉलर वाचविण्यासाठी केलेले मौन संपूर्ण भरपाई गमावण्यास कारण होते.

याची दुसरी बाजू भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २०२१ रोजी दिलेल्या एका निर्णयात दिसते. २००९ मध्ये अमेरिकेस गेलेल्या एका भारतीय प्रवाशास सॅन फ्रॅन्सिस्को येथे पोहोचताच अस्वस्थ वाटू लागले व हृदयविकारावर उपचार करून त्याच्या रोहिणीत तीन स्टेंट बसवावे लागले. आपल्याला मधुमेह असल्याचे त्याने विमा घेतानाच कळविले होते. रक्तातील मेदाचे वाढलेले प्रमाण व त्यावरील औषध यांची माहिती दिली नाही, या कारणास्तव विमा कंपनीने दावा नाकारला. न्यायालयाने हा नकार बेकायदेशीर ठरविला. प्रकृतीची स्थिती जाणून, जोखमीचा अंदाज घेऊन विमापत्र दिल्यानंतर विमेदाराने उघड केलेल्या विद्यमान आजाराचेच कारण पुढे करून कंपनीला दावा नाकारता येणार नाही, असे तत्त्व त्यात मांडले आहे. खरी माहिती देणे हे विमेदाराचे कर्तव्य आहे. त्याचबरोबर ते त्याचे सर्वांत मोठे संरक्षणही आहे, हे या निर्णयावरून स्पष्ट होते.

वगळलेल्या बाबी : उपचार करून घेण्यासाठीच केलेला प्रवास, डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध केलेला प्रवास, मद्य वा मादक द्रव्यांच्या अमलाखाली झालेला अपघात, आत्मघाताचा प्रयत्न, युद्ध, नेहमीची तपासणी आणि मायदेशी परतेपर्यंत थांबू शकणाऱ्या शस्त्रक्रिया यांचा खर्च सामान्यतः दिला जात नाही. गरोदरपण व दंतोपचार यांना मर्यादित संरक्षण असते. गिर्यारोहण, पाणबुडी मारणे यांसारख्या साहसी खेळांसाठी बहुधा वेगळी तरतूद लागते. नेपाळमध्ये सु. ५,३६४ मी. उंचीवरील एव्हरेस्ट पायथा-तळापर्यंत जाणाऱ्या पदयात्रिकास उंचीवरील आजारामुळे हेलिकॉप्टरने खाली आणावे लागू शकते. त्याने विमापत्रातील उंचीची मर्यादा आधीच पाहणे अगत्याचे असते. २०२० मध्ये कोव्हिड-१९ ची जागतिक साथ पसरली, तेव्हा अनेक विमापत्रांतून साथीचे रोग वगळलेले असल्याचे पुष्कळ प्रवाशांच्या प्रथमच लक्षात आले. त्यानंतर अनेक कंपन्यांनी या रोगाचा अंतर्भाव करणारी विमापत्रे काढली.

सक्तीचा विमा : काही देशांनी हा विमा प्रवेशाची अट म्हणून लागू केला आहे. युरोपातील शेंगेन क्षेत्राचा अल्पकालीन व्हिसा घेणाऱ्यांना १ जून २००४ पासून किमान ३०,००० यूरोंचा विमा आवश्यक करण्यात आला. तातडीचे उपचार, रुग्णालय-वास्तव्य व वैद्यकीय कारणाने मायदेशी पाठवणी यांचा खर्च त्यात अभिप्रेत आहे. क्यूबाने मे २०१० पासून असा विमा सक्तीचा केला. कॅनडाने २०११ च्या अखेरीस तेथील रहिवाशांच्या आईवडिलांसाठी व आजीआजोबांसाठी दीर्घ वास्तव्याचा विशेष व्हिसा सुरू केला. त्यासाठी किमान १,००,००० कॅनडियन डॉलरांचा वैद्यकीय विमा लागतो. ऑस्ट्रेलियात परदेशी विद्यार्थ्यांना वास्तव्याच्या काळात आरोग्य विमा ठेवावा लागतो. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसासाठी मात्र अशी अट नाही. म्हणजे जेथे खर्च सर्वाधिक, तेथेच विम्याचा निर्णय प्रवाशावर सोपविलेला आहे. शिवाय सक्तीची किमान रक्कम व प्रत्यक्ष गरज या भिन्न गोष्टी होत.

रोजगारासाठी आखाती देशांत जाणाऱ्या कामगारांचा प्रश्न निराळा आहे. उत्प्रवासासाठी शासकीय अनुमती लागणाऱ्या पारपत्रधारकांकरिता २००३ मध्ये प्रवासी भारतीय विमा योजना सुरू झाली. २०१७ च्या सुधारणेनुसार अपघाती मृत्यू वा कायमचे अपंगत्व यांसाठी तीत १० लाख रुपयांचे संरक्षण असून विमाहप्ता दोन वर्षांसाठी २७५ रुपये व तीन वर्षांसाठी ३७५ रुपये (अधिक कर) ठेवण्यात आला. ही योजना मुख्यतः कामगारांच्या संरक्षणासाठी असून तिचा पर्यटकांशी संबंध नाही.

दावा व तक्रारनिवारण : दाव्यासोबत वैद्यकीय अहवाल, रुग्णालयातून सोडल्याचा सारांश, मूळ देयके व पावत्या, औषधांच्या चिठ्ठ्या, पारपत्राची प्रत व प्रवासाचा पुरावा जोडावा लागतो. परदेशातून परतल्यावर ही कागदपत्रे मिळविणे जिकिरीचे असल्याने ती रुग्णालय सोडतानाच घेणे इष्ट ठरते. कंपनीच्या निर्णयाने समाधान न झाल्यास प्रथम तिच्या तक्रारनिवारण कक्षाकडे व नंतर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे दाद मागता येते. महाराष्ट्रात मुंबई व पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत. लोकपालाची भरपाई देवविण्याची मर्यादा २०२३ मध्ये ५० लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाखालील आयोगांकडे जाण्याचा मार्गही खुला असतो.

परदेशी प्रवास विमा आजार टाळू शकत नाही. तिकीट, व्हिसा व निवास यांच्या तुलनेत त्याचा हप्ता अल्प असतो आणि बहुसंख्य प्रवाशांना त्यातून काहीच परत मिळत नाही. म्हणून तो अनावश्यक खर्च वाटण्याचा संभव असतो. परंतु विम्याचे तत्त्वच असे आहे, की जे सुखरूप परततात त्यांच्या लहान हप्त्यांतून, परक्या रुग्णालयात अडकलेल्या थोड्यांचा मोठा खर्च भागविला जातो. आपण कोणत्या गटात असू, हे प्रवासास निघताना कोणालाच सांगता येत नाही.